गयाबाई कुठं हसायची

“थांब, आता हसते ती,” टिकाराम म्हणाला आणि त्यानं रिमोट घट्ट धरला.

टीव्हीवर जुनी विनोदी मालिका पुन्हा लागली होती. पडद्यावरचा नवरा ऑफिसातून आला, सोफ्यावर बसला आणि बूट काढू लागला. यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. मालिकेतला रेकॉर्ड केलेला हशासुद्धा गप्प होता. टिकारामनं मात्र झटकन स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं.

“आयकलं तू?”

उन्नतीनं काहीच ऐकलं नव्हतं. आईची तेरवी होऊन बारा दिवस झाले होते. बापाचा फोन आला तशी ती कुम्हारीच्या आपल्या घरून स्कूटी काढून भर उन्हात बापाच्या हुडको कॉलनीत आली होती. बीपी वाढला असेल असं वाटलं होतं, आणि इथं पाहते तर हे.

“बाबा, तुमी जेवले का?”

“जेवणाचं सोड. तेरवी झाल्यावर टीव्ही लावला, तवापासून रोज आयकून राहिलो मी. हसते. अन् हसते तेही चुकीच्या जागी. जित्ती होती तवा हसत होती, तशीच.”

कॉमेडी या विषयात टिकारामचा शब्द शेवटचा असे. जुन्या मालिकांत दम होता, आता नुसते साड्या नेसून गडी नाचतात, हे त्याचं मत पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या कॅन्टीनपासून हुडकोच्या पानठेल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. रिटायर झाल्यावर तो बायकोला शेजारी बसवून टीव्ही पाहू लागला, तर ही बाई भलत्याच ठिकाणी खुदकन हसायची. जिथं सगळे पोट धरून हसत, तिथं ढिम्म. “हिले कॉमेडी समजत नाई जी,” असं तो पाहुण्यांना हौसेनं सांगायचा. गयाबाई त्यावरही हसायची.

आता त्याला भीती वाटत होती, पण भुताची नाही. चाळीस वर्षांच्या संसारात बायको नेमकी कशाला हसली, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि विचारायला ती राहिली नव्हती.

“कुठं कुठं हसते, सांगा बरं,” उन्नती म्हणाली.

“हा बूट काढते तिथं. सासू बोंबलते तिथं. अन् तो साहेब जेवाले येते ना, तिथं तर लय हसते.”

उन्नतीनं बापाच्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

“हे कावून केलं?”

“आमी ही सिरियल अशीच पाहत होतो, बाबा. सेक्टरमधल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. एकच खोली, अन् टीव्ही तुमच्या पलंगाच्या पायाशी. तुमी नाइट ड्युटी करून येत होते अन् सकाळी झोपत होते. माझी शाळा दुपारची. आवाज केला तर तुमची झोप मोडन, म्हणून आई माझ्या कानात बोलत होती. सगळ्यांचं तीच बोले.”

“मनानं?”

“मनानंच. खरी स्टोरी काय होती, आमाले कधी मालूमच नाई पडलं.”

सगळ्या ब्लॉकमध्ये आपलंच घर कसं शांत आहे, याचा टिकारामला तीस वर्षं अभिमान होता. सोबतच्या लोकांना तो तसं बोलूनही दाखवायचा.

पडद्यावर सासू तोंडाचा मोठा आ करून सुनेवर ओरडत होती. उन्नती सरकून बापाच्या कानाशी आली आणि कुजबुजली, “सूनबाई, कुकर उतरव वं. शिट्टी झाली तर उन्नतीचे बाबा उठतीन.”

टिकाराम दचकला. आवाज गयाबाईचा होता. नक्कल वाटावी असं त्यात काही नव्हतं.

मालिकेतले साहेब जेवायला बसले. सुनेनं ताट वाढलं आणि साहेब हात उडवून जोरजोरात काहीतरी सांगू लागले. “पापड नोको जी, वहिनी,” कानाशी कुजबुज आली. “वाजते. मी चाटून खातो.”

टिकाराम हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एवढी चांगली कॉमेडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. आणि ती रोज सकाळी त्याच्या पायाशी चालली होती, आणि तो पाठ फिरवून घोरत होता.

“अजून,” तो म्हणाला. “अजून आयकव.”

साहेब गेले. नवरा-बायको दोघंच उरले. कॅमेरा नवऱ्याच्या चेहऱ्याजवळ गेला. तो बायकोचा हात हातात घेऊन बोलू लागला, मन लावून, थांबत थांबत. बायको ऐकत होती. उन्नती मात्र काही बोलेना.

“याचं बोल ना. हा काय म्हणते?”

“काही नाई, बाबा.”

“काही नाई कसं? तोंड हालून राहिलं ना त्याचं!”



“आईनं याले कधी बोलूच नाई दिलं. मी लय विचारत होती, हा काय म्हणते, हा काय म्हणते. तर म्हणे, राहू दे त्याले. तोही नाइट करून आला आहे.”

नवरा बराच वेळ बोलत होता. टिकारामनं खुर्ची पुढं ओढली आणि तो टीव्हीच्या काचेजवळ, त्या नवऱ्याच्या हलणाऱ्या ओठांच्या अगदी समोर जाऊन बसला.