दगडामागचा डबा

"डीएनएफ म्हणे. सापडलं नाही, असं सरळ लिहायला ह्यांना काय होतं?"

घड्याळजी पुटपुटले. डोळ्याला भिंग लावून ते मुलाच्या फोनमध्ये असे बघत होते, जणू आत एखादा काटा अडकलाय. शेजारी सून मटार सोलत बसली होती.

"हळू बोला बाबा. आई जाग्या होतील."

सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. दर गुरुवारी त्या गुडघ्यांच्या व्यायामाला जात आणि आल्यावर तासभर आडव्या होत. गुडघे काही सुधारत नव्हते. चपला तेवढ्या चिखलाने भरून येत.

मुलाचा खेळ तसा पोरकटच. एक डबा कुठेतरी लपवायचा, आत वही ठेवायची आणि जागेचे आकडे फोनवर टाकायचे. मग अनोळखी माणसांनी त्या आकड्यांच्या मागे मागे यायचं, डबा शोधायचा, वहीत सही करायची आणि होता तसा ठेवून द्यायचा. मुलाने एकच डबा लपवला होता, कालव्याच्या भिंतीत, सैल दगडामागे. तेव्हा घड्याळजींनी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. आकड्यांच्या मागे धावतोस, त्यापेक्षा दुकानात येऊन बस म्हणून.

फेब्रुवारीपासून त्या घरात एक ठरावीक शब्द कुणी उच्चारला नव्हता. मुलाला विचारणारा फोन आला की घड्याळजी सांगत, "तो घरात नाही." सून म्हणे, "ते झाल्यापासून." सासूबाई काहीच म्हणत नसत, म्हणून त्यांच्यासमोर दोघंही जपून बोलत. त्यांना सोसणार नाही, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आणि आता फोनवर तक्रारी येत होत्या. डबा फुटलाय. वही भिजली. एकाने लिहिलं होतं, मालक झोपलाय वाटतं. ती ओळ घड्याळजींनी तीनदा वाचली. खाली खेळ चालवणाऱ्यांची सूचना होती. मालकाने रविवारपर्यंत डबा दुरुस्त करून कळवावं, नाहीतर तो यादीतून कायमचा काढला जाईल.

म्हणून ही शिकवणी. लिहायचं ते मुलासारखं, कुणाला शंका येता कामा नये.

"मगल म्हणजे गं काय?"

"ज्याला खेळातलं काही माहीत नाही तो. त्याच्या देखत डबा काढायचा नसतो."

"म्हणजे तुझी सासू."

सून गालातल्या गालात हसली. घड्याळजींना हुरूप आला. त्यांनी एका बोटाने टिपून टिपून लिहिलं, डबा बदलला, टीएफटीसी.

"बाबा, टीएफटीसी शोधणारे लिहितात. डब्याबद्दल आभार, असं. मालकच स्वतःचे आभार मानायला लागला तर लोक हसतील."

"मग मालक काय लिहितो?"

सुनेच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तो लिहायचा, सगळं ठीक आहे."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढून पुसलं. भिंग स्वच्छच होतं.

स्वयंपाकघरातून त्यांनी निळ्या झाकणाचा डबा पिशवीत टाकला. त्याच्या जोडीचा हिरव्या झाकणाचा जागेवर नव्हता. एरवी एक झाकण इकडचं तिकडे झालं तर घर डोक्यावर घेणारी बायको ह्या वेळी अवाक्षर बोलली नव्हती. तिचं हल्ली कशात लक्षच नसतं, असं म्हणून त्यांनी हळूच दार ओढून घेतलं.

कालव्याकाठी एक माणूस कुत्रा फिरवत होता. तो पुढे जाईपर्यंत दोघं पाण्यात काहीतरी हरवल्यासारखी खाली बघत उभी राहिली.

"पुलापासून सातवा, खालून दुसरा," सून म्हणाली.

घड्याळजींनी दगड ओढला. मागे डबा होता. न फुटलेला, कोरडा, हिरव्या झाकणाचा.

"हा तर आपला."

आत नवी वही होती. जुन्या वहीची भिजलेली पानं वाळवून, इस्त्री फिरवून, नव्या वहीला मागे शिवलेली होती. ते टाके घड्याळजींनी ओळखले. तीस वर्षं त्यांच्या सदऱ्यांची बटणं त्याच टाक्यांवर टिकली होती.

सुनेने वही उलटून ते टाके पाहिले. मग म्हणाली, "डबा लपवला त्या दिवशी आईंना पहाऱ्याला उभं केलं होतं म्हणे. तो सांगत होता. मला वाटलं, मस्करी करतोय."

घड्याळजींनी खाली चिखलात पाहिलं. चपलांचे ठसे भिंतीपर्यंत येऊन माघारी गेले होते. डावं पाऊल जरा ओढलेलं, दुखऱ्या गुडघ्याचं.

"म्हणजे मगल मी होतो," ते म्हणाले. "वाच, काय लिहिलंय."

पहिल्याच पानावर मोठं, गोल अक्षर होतं. सून वाचू लागली.

"हा डबा माझ्या मुलाने इथे ठेवला आहे. मी दर गुरुवारी येऊन बघून जाते. तुमची ती अक्षरं मला कळत नाहीत, म्हणून सरळच लिहिते. डबा ओला झाला तर चूक माझी. त्याला बोल लावू नका."

पुढची एक ओळ राहिली होती. सुनेने त्या ओळीवर बोट ठेवलं. तिने वही पुढे केली.

घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत वाचलं.

"तो अकरा फेब्रुवारीला वारला."