फळीवरचा आकडा

नव्या इमारतीच्या फाटकावरची, घरांचा भाव लिहिलेली फळी पेंटरनेच रंगवली होती. त्या दिवशी घरी येऊन तो बायकोला म्हणाला होता, "दोन वर्षं पोटाला चिमटा काढू, त्यातलं सगळ्यात लहान घर आपलं!"

तेव्हापासून भाव वाढला की मालक त्यालाच बोलावणं धाडायचा. पेंटर शिडीवर चढायचा, जुन्या आकड्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायचा आणि तो वाळला की वर नवा आकडा काढायचा. थरावर थर चढून ती जागा आता गळवासारखी फुगली होती.

आज शिडीवरून उतरल्यावर त्याने चाचरत विषय काढला. "मालक, माझीही मजुरी जरा वाढवा की. पहिल्या दिवशी दिलीत तेवढीच अजून देताय."

"अरे बाबा, महागाई कुठं चाललीय बघतोस ना?" मालक ताज्या आकड्याकडे कौतुकाने बघत म्हणाला. "मी कुठून वाढवू? आणि हो, शिडी इथंच राहू दे. पुढच्या महिन्यात परत लागेलच."

घरी बायकोने पाणी पुढे केलं. "आज काम लागलं का हो?"

"लागलं."

"मग तोंड असं का पाडलंय? काय काम होतं एवढं?"

नखांतला पांढरा रंग खरवडत तो म्हणाला,

"आपलं घर आणखी थोडं लांब सरकवून आलो."