मॅडमची लेक

औशाजवळच्या इंग्रजी शाळेत पालकसभा चालली होती. संस्थाचालक लक्ष्मणराव भर उन्हात कोट-टाय घालून माइकवर रंगात आले होते. "जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलंय काय? खिचडी खायची, मैदानात लोळायचं आन् घरी यायचं. ज्याला लेकराची बरबादी करायची हाय, त्यानं खुशाल तिकडं घालावं!"

पालक खदखदून हसले. मागच्या रांगेतून केवळाबाई उठली. तिचा नातू इथं दुसरीत होता. वर्गशिक्षिका वर्षाराणी मंचाच्या कडेला उभी होती, तिच्याकडं बोट करून केवळाबाई म्हणाली, "सर, ह्या मॅडम माझ्या नातवाला शिकवतात. पण ह्यांची सवताची पोरगी रोज जिल्हा परिषदेच्या शाळेत जाताना दिसती मला. ते कामून?"

सगळ्या माना वर्षाराणीकडं वळल्या. लक्ष्मणराव कसंनुसं हसले.

"मॅडम, तुमच्या पोरीला आपण फुकट घेणार होतो ना? मग असं काय हाय त्या खिचडीच्या शाळेत? सांगा की पालकांना!" त्यांनी माइक तिच्यापुढं धरला.

ही नोकरी गेली तर दुसरी कुठंच मिळणार नव्हती, हे वर्षाराणीला पक्कं ठाऊक होतं. तिनं एकदा केवळाबाईकडं पाहिलं आणि माइक हातात घेतला.

"सर, तिथं डी.एड. करून, परीक्षा पास होऊन लागलेल्या बाई शिकवतात," ती म्हणाली. "इथं मी शिकवते. बारावी नापास."