मोकळं मैदान

वरूडहून अब्बा होस्टेलवर आले, ते पहिल्यांदाच संत्र्यांची पिशवी न घेता. "तुले ते मोठी पतंग पायजे होती ना? चाल," एवढंच म्हणाले आणि अफनानला अमरावतीतल्या खेळाच्या दुकानात घेऊन गेले.

चाकाच्या फळीवर उभं राहायचं आणि वाऱ्यावरच्या कापडी पतंगीनं आपल्याला ओढत न्यायचं, असा तो खेळ. दुकानदारानं समजावलं, "पहिली पतंग लहानच घ्या. मोठी आवरत नाही, माणसाले उचलून आपटते. आन् मैदान मोकळं पायजे. मधात एकही झाड नको."

अफनाननं हातातली पतंग काउंटरवर ठेवून दिली.

"राहू द्या अब्बा. आपल्या वावरात विहिरीपासून रस्त्यापर्यंत संत्र्याचीच झाडं हायेत. चालवू कुठं?"

"घे तू," अब्बा म्हणाले. पतंगीचं कापड ते बोटांनी उगाच चाचपत होते.

मग त्यांनी दुकानदाराला विचारलं,

"भाऊ, झाडं तं गेल्या हप्त्यात तोडली. पण बुडखे जमिनीतच हायेत. फळीच्या चाकाले आडवे येतीन काय?"