पहिली दाढी

सलूनमालक म्हणाले होते, “आज एक दाढी नीट केलीत, तर उद्यापासून या.” पन्नाशीत नोकरी गेलेल्या माझ्यासारख्या कारकुनाच्या हाती गळा कोण देणार? बायकोनं आपल्या वडिलांनाच खुर्चीत बसवलं. फेस लावला. वस्तरा गळ्याला टेकवला. आजवरच्या तिन्ही ऑफिसांत माझ्या हातातली सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे स्टेपलर. पहिल्यात चूक झाली की व्हाइटनर लावायचो, दुसऱ्यात डिलीटचं बटण होतं. तिसरं तक्रार केंद्र; तिथे चुका कंपनी करायची, मी फोनवर माफी मागायचो. भीतीनं तिथलंच वाक्य तोंडातून निसटलं, “आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.” सासऱ्यांनी खाडकन डोळे उघडले. “जावईबापू, अजून कापलंय कुठं? तक्रार करायला माणूस शिल्लक तर ठेवा!” आपल्याच विनोदावर ते खदखदून हसू लागले. “हलू नका, बाबा!” मी ओरडलो. वस्तरा गळ्यावरच होता.