गोगलगाईच्या घरचे सूप

आचाऱ्याने चमचा तोंडात धरला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजले. चव घेणारा माणूस साधारण तेवढा वेळ घेतो, हे त्याने आरशासमोर उभे राहून ठरवले होते.

"जमलंय," तो म्हणाला.

जिभेवर काहीच नव्हते. गेले आठ महिने नव्हते. आठवडाभराच्या तापाने जाताना त्याची चव नेली आणि वासही नेला. चोराने घर धुऊन न्यावे तसे. तेव्हापासून तो आठवणीवर स्वयंपाक करत होता. कांदा रंगावरून, तेल आवाजावरून आणि मीठ भीतीवरून. जास्त झालेले मीठ बोंब मारते, कमी पडलेले गप्प बसते. म्हणून मिठाला त्याचा हात नेहमी आखडता. जीभ मेलेला आचारी कोण ठेवील? त्याने बायकोलाही सांगितले नव्हते. नवल एवढेच, की आठ महिन्यांत एकाही टेबलावरून कुणी मीठ मागितले नव्हते.

स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. दोन दारे होती, एक जेवणाऱ्यांकडे आणि एक कोठीकडे. आणि दोन्हींच्या मधोमध भाजी चिरणारी मावशी बसे. वयाने सगळ्यांत वडील, नजरेने हातातल्या सुरीहून तेज. आचाऱ्याची पाठ वळली, की पातेल्यांवरची झाकणे उचलून पाहायची तिला खोड होती.

"मावशी, ठेवा ते झाकण. वाफ जाते."

"जाऊ दे की. फार कोंडून ठेवू नये माणसानं."

तो चरकला. तिला संशय आला आहे, याविषयी त्याला संशय उरला नव्हता. तुरुंगात पहारेकरी असतो; इथला पहारेकरी पालकाची भाजी निवडत बसला होता, एवढेच.

आणि सोमवारी मालकीणबाईंनी फर्मान काढले. मुलांसाठी नवा पदार्थ हवा. ज्याने त्याने आपल्या लहानपणच्या आवडत्या कार्टूनवरून बनवायचा. "आणि पूर्ण व्हीगन हं. दूध, लोणी, अंडं, काही नाही. मधसुद्धा नाही. शुक्रवारी दुपारी मी चाखणार, सगळ्यांसमोर."

जुन्या पदार्थांना आठवण होती. नव्या पदार्थाची आठवण आणायची कुठून? तीन दिवस तो ओट्यासमोर नुसता उभा राहिला. भिंती रोज बोटभर जवळ येत होत्या.

"कार्टून कुठलं हो तुमचं?" मावशीने विचारले.

"गोगलगाय."

"वाटलंच मला. गोगलगाय नि पोटात पाय!"

बाकीचे हसले. त्याला हसू आले नाही. पण त्या हसण्यातून ती गोगलगाय मात्र हळूहळू चालत त्याच्यापाशी आली.

काळ्यापांढऱ्या पडद्यावर, ताईच्या मांडीला मांडी लावून, तो तिला पाहत असे. पाठीवरच्या घरात ती सूप शिजवी, शंखाच्या टोकातून धूर निघे. सूप झाले, की पातेले दारातून बाहेर निघत नसे. मग ती आत एकटीच जेवे. त्या सूपसाठी तो झुरत असे. ताई म्हणे, त्याची चव ओल्या पाटीसारखी असणार. तो म्हणे, आंबटगोड. वाद रोजचा; एकमत फक्त एका गोष्टीवर, त्यात मीठ असणार नाही. मिठाने गोगलगाय विरघळते, असे ताईने त्याला सांगितले होते, आणि त्याने दोन दिवस स्वतःही मिठाला तोंड लावले नव्हते.

गुरुवारी, रिकाम्या पातेल्याकडे बघताना, त्याच्या ध्यानात आले. ती चव त्याने जिभेने कधी घेतलीच नव्हती. म्हणून तापाला ती नेता आली नव्हती.

शुक्रवारी तो सरळ कामाला लागला. मशरूम करपण्याच्या काठापर्यंत भाजले, अक्रोड वाटले, हिरवे सफरचंद किसून घातले. लाल भोपळ्याच्या कागदासारख्या पट्ट्या गुंडाळून शंख केला आणि त्याला शिंगांसाठी दोन लांब मोड खोवले. मीठ घातले नाही. आज ते भीतीने कमी घातले नव्हते. ठरवून, कणभरही घातले नव्हते. पातेल्यावर झाकण ठेवून तो वाडगे आणायला कोठीत गेला.

सगळे ओट्याभोवती जमले. आचाऱ्याने झाकण उचलून हातात धरले आणि पहिला वाडगा भरला. मालकीणबाईंनी चमचा तोंडात धरला आणि डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा. सात.

"हे कुठून सुचलं तुम्हाला?" त्यांनी दुसरा चमचा घेतला. "आंबट, जरासं गोड, आणि मागे काहीतरी ओलं ओलं. मीठ तर काय, नेहमीसारखंच. अगदी नेमकं!"

आचाऱ्याने मावशीकडे पाहिले. ती मान खाली घालून, स्वच्छ असलेली सुरी पुन्हा पुसत होती. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांच्या पेरांवर पांढरे कण चिकटले होते.

आठ महिने. उचललेले एकेक झाकण त्याला आठवले.

"चला, पुढचा पदार्थ कुणाचा?" मालकीणबाई वळल्या.

"बाई, थांबा," आचारी म्हणाला. "मीठ मावशींचं आहे."

आणि हातातले झाकण त्याने पातेल्यावर परत ठेवले नाही.