अकरा किलोंचं कौतुक

"अगं, आम्हालाही सांग की काय केलंस ते," केळवणाला जमलेल्या बायका शर्वरीच्या मागे लागल्या होत्या. दोन महिन्यांत ती अकरा किलोंनी उतरली होती.

साखरपुड्यात होणाऱ्या सासूबाई "मुलगी जरा भरलेलीच आहे" असं म्हणाल्या होत्या. त्यानंतर शर्वरीनं लहानपणापासून रोज घेत असलेलं इन्सुलिन गुपचूप निम्म्यावर आणलं. पुरेशा इन्सुलिनवाचून तिचं शरीर स्वतःलाच खात होतं. या शहाण्या बायकांना मात्र तिच्या चेहऱ्यावर लग्नाचं तेज दिसत होतं.

श्रीखंड वाढायला घेतलं आणि ती भरल्या ताटावर कोसळली.

तीन दिवसांनी ती आयसीयूतून बाहेर आली. भेटायला आलेल्या सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरी झालीस ना? आता एवढंच वजन टिकव. शालू छान शोभेल."

शर्वरीनं त्यांच्यादेखतच पोटात इन्सुलिनची सुई टोचली. मग शांतपणे म्हणाली, "मी मरत होते आणि तुम्हाला मी छान दिसत होते. आता मी चांगली जाड होणार आहे. घरी गेल्यावर मुलाला सांगा, मुलीकडून नकार आहे."